फोडण्याआधीचं वजन

काट्यावर काही ठेवायचं तर आधी कूलर बंद करावा लागतो.
वारा लागला की आकडे नाचतात.
इतवारीत, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता
सोन्याशिवाय कशासाठी कोणी कूलर बंद करत नाही.
मी केला, श्रुतिकासाठी.

बहिणीची मुलगी. वर्धा रोडच्या मॉलमधून
सहा डबे घेऊन आली,
सगळे सारखे, सगळ्यांवर त्याच बारा वटवाघळांचं चित्र:
एक झोपाळू, एक छत्रीवालं,
एक तापात थर्मामीटर तोंडात धरलेलं,
आणि खाली कोपऱ्यात नुसती काळी सावली, आत प्रश्नचिन्ह.
"हे एकशे चव्वेचाळीसात एक निघते, मामा."
एका डब्याचे नऊशे पन्नास.
तिचा पहिला पगार झाला होता, मी काही बोललो नाही.

"छत्रीवालं चारदा निघालं,"
मोडलेलं स्थळ सांगावं तशा आवाजात ती म्हणाली.

एकेक डबा काचेच्या आत ठेवला,
दार लावलं, श्वास धरला. सव्वीस वर्षांची सवय.
एकशे बारा ग्रॅम तीनशे चाळीस मिली.
एकशे बारा चारशे दहा.
एकशे नऊ.
परत एकशे बारा, परत एकशे बारा.
सहावा एकशे अठरा सहाशे वीस.
तिने वहीत लिहून घेतलं,
नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब त्या शेवटच्या आकड्यावर पडला.

"इकत घेतल्यावर मोजून काय फायदा वं पोरी?"
"फोडला की संपते न मामा.
मोजेपर्यंत तरी बंद रायते."

आमच्या गल्लीत दौलत झारेकरी पहाटे येतो,
आम्ही शटर उघडायच्या आधी.
पायरीवरची धूळ, नालीतला गाळ,
कारागिरांच्या सतरंजीखालचा वर्षाचा केर
पोत्याच्या भावात घेतो, आत न बघता.
मग घरी परात, पाणी, पारा.
एका दिवाळीला त्याला दीड तोळा सुटला म्हणतात.
तो स्वतः कधी म्हणत नाही.
त्याला मी हसायचो.

हसायचा हक्क मला तरी कुठे होता.
शाळेच्या फाटकासमोर पट्टेवाला उभा राहायचा,
चार आण्यात एक चिठ्ठी फाडायची.
सगळ्यात वर पिशवीत टाचलेलं घड्याळ.
तीन वर्षं फाडल्या. शिट्टी, फुगा, शिट्टी,
एकदा प्लास्टिकची अंगठी, तीही बोटात न जाणारी.
पुढे कळलं, घड्याळाच्या नंबरची चिठ्ठी
पट्ट्यावर नव्हतीच कधी,
ती त्याच्या खिशात असायची.
त्या मानाने एकशे चव्वेचाळीसात एक म्हणजे
इमानदारीच म्हणायची.

कूलर लावला. तिने पाच फोडले.
झोपाळू. छत्रीवालं. तापवालं.
झोपाळू. छत्रीवालं.
"सहा झाले," म्हणून हसत सुटली, डोळे पुसेपर्यंत.
चकचकीत पन्न्या गादीवर पडल्या होत्या,
मी हात फिरवून त्या गोळा केल्या,
टाकवेना म्हणून खणात ठेवल्या.

सहावा तिने उचलला,
कानाशी धरून हलवला.
आत काहीतरी जड, एकदाच, सरकलं.
"हा तुमच्यापाशी राहू द्या."

त्याला आता दोन उन्हाळे झाले.
ती हैदराबादला असते,
आईची तब्येत विचारून झाली की विचारते, "आहे ना?"
आहे.
तिजोरीत नाही, काट्याशेजारीच.
परवा गिऱ्हाइकाच्या पोराने बोट दाखवलं, हा केवढ्याला?
मी भाव सांगायला तोंड उघडलं
आणि मला भाव येईना.

सकाळी काटा जुळवला की पहिला तोच ठेवतो.
हिवाळाभर एकशे अठरा सहाशे वीस.
कूलर लागले की पुठ्ठा ओल धरतो,
मग सहाशे नव्वद भरतं,
कधी सातशे.